काट्याबाई आणि नऊ घरांचं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे की-बोर्ड झटकणं. बुधवारची दुपार होती. मी तो उलटा धरला आणि पमीने मागून दात घासायच्या जुन्या ब्रशाने ठोकलं. खाली पेपर पसरला होता. त्यावर पोयीच्या पावाचा चुरा, दोन मेलेल्या मुंग्या, एक तांदळाचा दाणा आणि माझ्या तंबाखूची भुकटी पडली. पमीने ती भुकटी बोटाने बाजूला केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो पुरावो."

मग म्हणाली, चहा ठेवा. मी ठेवला. कप घेऊन आलो तेव्हा ती कदेलीवर, म्हणजे तिच्या खुर्चीवर, तशीच बसलेली, मान जनेलाकडे, खिडकीबाहेर. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

माझं शिक्षण चौथी. जन्मभर खाणीवर टिपर चालवला. लिहायची सवय नाही. पण वाड्यावर लोक पमीबद्दल बोलतात, काट्याबाई विक्षिप्त होती म्हणून. होती. ते दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगतो.

काटा म्हणजे खाणीवर ट्रकाचं वजन करतात तो. डिचोलीकडच्या एका खाणीत पमी त्या काट्याच्या केबिनीत कॉम्प्युटरवर असायची. मी नवीन होतो. पहिल्याच दिवशी टिपर काट्यावर घेतला तो एक चाक बाहेर ठेवून. जनेलातून डोकं बाहेर आलं. "ओ ड्रायव्हर, एक चाक घराकडे ठेवन इलात काय?" मागच्या रांगेतले सगळे ड्रायव्हर हसले. पुढे आमचं लग्न झालं तरी तो प्रश्न तिने सोडला नाही. बाजारात पिशवी विसरलो, देवळात चप्पल विसरलो, की आलंच: "चाक घराकडे ठेवलात?"

तिच्या त्या कॉम्प्युटरवर चित्रं नव्हती. नुसता काळा पडदा आणि त्यावर टाईप करायचे हुकूम. आपला हुकूम ऐकून आत पोचवणारा जो कारकून असतो त्याला शेल म्हणतात, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, कारकून म्हटला की खाणार. ती म्हणाली, "हो खाणा नाय. म्हणान तर माका आवडता."

ह्या कारकुनाच्या सवयी बदलता येतात. एकेका सवयीला ती ऑप्शन म्हणायची. सवय मोडायची तर तिच्या नावाआधी 'नो' लावायचं, झालं. मशीन चुकलं की किंचाळायचं, तर तिने पहिल्या दिवशी 'नो बीप' करून त्याचं तोंड बंद केलं. मग तो 'नो' घरभर पसरला. जेवताना 'नो तंबाखू'. देवाकडे दिवा लावताना 'नो शिवी'. झोपेत कोपर मारून 'नो घोरणां'. माझं घोरणं काही थांबलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "ह्यांच्यात बंद करूचो ऑप्शनच देवक नाय."

मॉड्यूल म्हणजे त्या कारकुनाची जादा हत्यारं. लागतील तेव्हा काढायची, उगाच सगळी मांडून ठेवली तर मशीन जड होतं. गणपतीची चवथ जवळ आली की पमी माळ्याखाली उभी राहून हुकूम सोडायची, "चवथीचा मॉड्यूल उतरवा!" मी वर चढून गणपतीवर फळं टांगायची माटोळीची चौकट, मोठी तपेली, समया खाली द्यायचो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळं परत माळ्यावर. एक चमचा खाली राहिलेला चालायचा नाही. माझी वहिनी एकदा म्हणाली, "गो, ह्या देवाचा सामान की गाडयेचे पार्ट?"

ही वहिनी सिंधुदुर्गातली, जुन्या वळणाची. ती यायची त्या दिवशी पमी दारातच माझ्या कानाला लागायची, "जुन्या मोडात." तीही कॉम्प्युटरचीच गोष्ट. नवा शेल आला की जुनी कामं त्याला पचत नाहीत. मग त्याला सांगायचं, बाबा, ह्या कामापुरता जुन्यासारखा वाग. काम संपलं की तो आपोआप मूळच्या स्वभावावर येतो. तसं वहिनी घरात असेपर्यंत मी अंगात शर्ट घालून गप्प बसायचं, आणि पमी, जी काट्यावर पन्नास ड्रायव्हरांना आवरायची ती, पदर सावरून "होय वयनी, होय वयनी" करायची. बस वळणावरून दिसेनाशी झाली की पाय पसरून म्हणायची, "संपला." एकदा मी संध्याकाळपर्यंत शर्ट घालून बसलो. तर म्हणे, "तुमी मोडात अडाकलात."

मग खाणी बंद पडल्या. तिची नोकरी गेली. माझा टिपर दारात उभ्या उभ्या गंजला. केबिनीतलं मशीन भंगारात जाणार होतं, ते ती मागून घेऊन घरी आली. ती एका महिन्यात सावरली. मी नाही. मी दोन वर्षं सोप्यावर बसून रस्त्याला शिव्या घातल्या. सकाळी दहाला उठायचो, कधी त्याच्याही नंतर. दाढी करायचो नाही. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला तेव्हा बरं वाटायचं.

त्याच सुमाराला तिने पाण्याचं काम अंगावर घेतलं. आमच्या इब्रामपूरच्या वाड्यावर नऊ घरांची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, एका पाटावर आहेत. उन्हाळ्यात दिवसाला दोनच घरांना पाणी, एकाला सकाळी, एकाला दुपारी. त्यामुळे कोणाचा वार ठरत नाही, नाव रोज पुढे सरकतं. त्यात कोणाकडे लग्न, कोणाकडे सुतक, कोणी आपसात बदलून घेतलं. ह्यावरून आमच्याकडे फावडी उगारली गेली आहेत. पमीने ते सगळं मशीनमध्ये घातलं. यादीत आमच्या घराला तिने स्वतःचं नाव दिलं, प्रमिला. का म्हटलं तर म्हणे, "मशीन माझा."

माझं काम ठरलं. रोज सकाळी सहाला मशीनसमोर बसायचं. 'पाणी' एवढा एक शब्द टाईप करायचा. पडद्यावर दोन नावं येतात. ती डोक्यात ठेवून पाटाच्या तोंडाकडे जायचं, तिथे पत्रा टांगलेला आहे त्यावर खडूने लिहायची आणि पाणी अडवणारी फळी उचलायची. बस.

मी आठवड्यातच कंटाळलो. म्हटलं, "महिन्याची नावं एकदम काढ गो. कागद चिकटवून मोकळा होतो."

"ह्या मशीनाक एका वेळेक एकच दिस कळता."

"मग कसला तुझा मशीन?"

"तुमच्यापरीस बरा. तुमका तो एकय कळणा नाय."

असं करत किती उन्हाळे गेले. मला सहाची सवय लागली. पत्र्याकडे चार माणसं भेटायची, बोलणं व्हायचं, दाढी करावी लागायची.

आमची मुलगी नीता म्हापशाला असते. ती पण कॉम्प्युटरमधलीच. तिने आईला नवीन मशीन आणून दिलं. त्यातला शेल नवा. पमीने जुना कार्यक्रम त्याच्यावर चालवला, तर आजचं सकाळचं पाणी कोणाला म्हणून नऊच्या नऊ नावं एका ओळीत. जुना शेल नावांमध्ये जागा दिसली की वेगवेगळी माणसं समजायचा. नव्याला वाटलं, एवढं लांब नाव असलेला हा एकच कोणीतरी आहे. पमी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ओ, बघा! ह्याका नऊ घरां एकच दिसतत. सोनू आणि घनश्याम एका घरात!" त्या दोघांचं बांधावरून कोर्टात चालू आहे. मग तिने कार्यक्रमाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, की हा जुन्या मोडात चालव. नावं परत सुटी झाली.

ती गेली आणि मी त्या मशीनला हात लावला नाही. त्या कदेलीकडे बघितलंसुद्धा नाही. पाटावर पत्रा कोरा. दोन दिवस लोकांनी सुतक म्हणून सोडलं. तिसऱ्या दिवशी सोनूने फळी उचलली, घनश्यामने खाली टाकली, आणि पोफळीची रोपं राहिली वाळत. नीताला वाटलं आपण मदत करावी. तिने आईचा कार्यक्रम आपल्या लॅपटॉपवर घेतला, चालवला, आणि जे आलं ते न वाचताच वाड्यावर सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. आजचं सकाळचं पाणी, आणि पुढे नऊ नावं. प्रत्येकाने त्यात आपलं तेवढं नाव बघितलं. नऊही घरं फावडी घेऊन पाटावर हजर.

संध्याकाळी सगळे आमच्या सोप्यावर. घनश्यामचा शर्ट फाटलेला. सोनू म्हणाला, "बाबलीदादा, काट्याबाय आसती तर ह्या झाला नसता."

"आसती तर आधी तुझ्या मुस्कटात बसली आसती," मी म्हटलं.

नीता आईच्या कदेलीवर जाऊन बसली. तिने कार्यक्रम उघडला आणि पहिलीच ओळ वाचून कपाळाला हात लावला. "बाबा, माझंच चुकलं. आईने जुन्या मोडात चालव म्हणून सांगून ठेवलंय. ती ओळ मी घेतलीच नाही." मग खाली वाचत गेली आणि मध्येच थांबली. "हे काय? महिना म्हणून एक ऑप्शन आहे. आईने त्याच्याआधी नो लावलाय."

"म्हणजे?"

तिने नो काढला आणि बटण दाबलं. पडद्यावर नावं धावायला लागली. आजची, उद्याची, परवाची, पूर्ण महिन्याची, तारखेसकट.

"तसा नाय," मी म्हटलं. "त्याका एका वेळेक एकच दिस कळता."

"नाही हो बाबा. हे जुन्या मशीनवरचं आहे. पहिल्यापासून महिन्याचं निघत होतं. आईने मुद्दाम बंद ठेवलंय."

सोनूला अक्कल कमीच. तो म्हणाला, "मगे रोज सकाळी तुका कित्याक धाडी?"

मी त्या वर्षी दहाला उठत होतो. ते मी सोनूला सांगितलं नाही.

घनश्यामला महिन्याचा कागद एकदम पसंत. नीता म्हणाली, प्लास्टिक घालून देते, पत्र्यावर लावून टाका, तुम्हाला आता रोज उठून जायला नको, विश्रांती घ्या. सगळे होय होय म्हणाले. मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"तो नो परत लाव."

"अहो बाबा, पण..."

"लाव म्हटला मा."

तिने लावला. नावं गेली. काळा पडदा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठलो. दाढी केली. कदेलीवर बसलो, 'पाणी' टाईप केलं. दोन नावं आली. सकाळी घनश्याम, दुपारी प्रमिला. नीताने मागून विचारलं, आईच्या जागी तुमचं नाव घालू काय. मी नको म्हटलं आणि पाटाकडे चालू लागलो. घनश्याम दुसरा शर्ट घालून आधीच येऊन उभा होता. मी पत्र्यासमोर उभा राहून खिशात हात घातला, तर खडू नाही. दुसरा खिसा बघितला, तिथेही नाही.

"चाक घराकडे ठेवलंय," मी मोठ्याने म्हटलं.

घनश्याम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी परत घरी गेलो, खडू घेऊन आलो, दोन्ही नावं लिहिली आणि फळी उचलली.