सातव्या इन्व्हिन्सिबलच्या जलावतरणाची हकीकत

श्रीमंत वाचक महाराज यांचे सेवेसी कलमदाराचा दंडवत. हुजुरांनी पुसिले की हॉलंडातील मौजे रायस्वाइक येथे व्ह्लीट कालव्यावर सातवे इन्व्हिन्सिबल जहाज पाण्यात लोटिले, त्याचा शेवट काय जाहला तो खराखुरा लिहोन धाडणे. त्यावरून डोळां देखिले ते लिहितो. हसू आवरोन लिहितो आहे, अक्षर हलल्यास माफी असावी.

आधी घराण्याची पूर्वपीठिका. इन्व्हिन्सिबल म्हणजे अजिंक्य. हे नाम इंग्रजांस इतके गोड लागले की एक जहाज गेले की तेच दुसऱ्यास दिधले आणि दुसरे गेले की तिसऱ्यास. बरे, नाम तरी घरचे होते काय? डोंबल! सन सतराशे सत्तेचाळीसात फ्रेंचांचे जहाज नामासकट धरोन आणिले आणि तेच मिरविले, आणि मग अकरा वर्षांनी ते आपल्याच किनाऱ्यापाशी वाळूत रुतोन निकालात निघाले. दुसरे अठराशे एकात आरमारास मिळावयास निघाले आणि शत्रू नजरेस पडण्याआधीच वाळूच्या दांड्यावर आपटोन शेकडो माणसांनिशी बुडाले. तिसरे बंदरात बसोन म्हातारे जाहले आणि मोडीत गेले. चौथ्याचे नाम बदलोन पाहिले, तरी तुफानाने सोडिले नाही. पाचवे पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत गोळा लागोन दुभंगले. हजारावर खलाशी गेले, सहा वाचले. येथे थट्टा नको, तीही कोणाची लेकरे होती. सहावे विमाने वाहणारे, ते लढाई करोन धडपणे घरी आले, आणि मग वय जाहले तेव्हा तुर्कस्तानात भंगारास रवाना केले.

ऐशा घराण्याचा झेंडा पुढे न्यावयास कोण उभा राहिला? तर राजमान्य राजेश्री श्रीधरपंत! अ‍ॅमस्टरडॅम झुइडास येथील काचेच्या मनोऱ्यात बसोन आठवड्यास वीस मीटिंगा मारणारे, इंग्रजी आरमाराची बाडे मुखोद्गत असणारे, आणि पोहता न येणारे. त्यांची अकरा वर्षांची कन्या गुंजन पोहण्याच्या तिन्ही डच सनदा घेवोन बसली होती, आणि पंत अद्याप टबात शिरताना दांडी धरीत.

त्या उन्हाळ्यात पंतांचे कुटुंब शामलाबाईसाहेब यांचे तीर्थरूप दिनकरराव मुंबईहून तीन महिन्यांकरिता रायस्वाइकास दाखल जाहले. छत्तीस वर्षे गोदीत फिटर. जहाजांची भोके बुजविली, तळ शिवले, आणि दुरुस्त जाहलेले जहाज दर्यावर निघाले की हे धक्क्यावरून हात हलवीत उभे. यांस कोणी कधी या, बसा म्हटले नाही. पहिल्याच दिवशी चहा पिताना त्यांनी लेकीस सांगितले, "शामू, एकदा आपल्या घरच्या होडीतून कुठंतरी जायचंय गं. धक्क्यावर उभं राहून फार झालं."

बस्स, इतकेच मागणे! शेजारचे डेल्फ्ट गाव कालव्याने हाकेच्या अंतरावर. पंतांनी तीस वर्षे उन्हात वाळलेली फायबरची होडी दुसऱ्याच रोजी मिळविली, आणि मग काय केले? तीन महिने तिजवर सोनेरी अक्षरांत INVINCIBLE लिहीत बसले. अक्षराचे वळण कोणते असावे यावर चार आठवडे मसलत जाहली, आणि सोनेरी फिके की गर्द यावर तीन, आणि मग पावसाने रंग ओघळला म्हणोन पुन्हा पहिल्यापासोन. दिनकरराव दोनदा हळूच म्हणाले, "श्रीधरराव, तळ बघूया का एकदा?" त्यावर फर्मान सुटले की आधी जलावतरण, मग तळ. वाहवा, काय ती अक्कल!

येणेप्रमाणे मुहूर्त निघाला तो रविवारचा, आणि दिनकररावांचे विमान मंगळवारचे.

इंग्रज नव्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढल्या टोकावर, मद्याची बाटली फोडितात. पंत म्हणाले, आपण मराठी, आपण नारळ फोडू. हेग शहरातील सुरिनामी हिंदूंच्या दुकानातून चांगला शेंडीवाला नारळ आणिला. दिनकररावांनी विनविले, "अहो, नारळ पाण्यात सोडायचा असतो. नाहीतर तिथं काठावरच्या दगडावर फोडा." पंतांनी ऐकिले नाही. दगडावर फोडिल्यास इतिहास घडत नाही, ऐसे उत्तर जाहले. मग होडी पाण्यात लोटोन पंत खासे पुढे सरले, आणि हात उगारिला, आणि सोनेरी अक्षरांशेजारी नारळ हाणिला. नारळ फुटेना. दुसऱ्यांदा हाणिला, फुटेना. तिसऱ्यांदा सर्व बळ एकवटोन हाणिला, आणि कडाड आवाज जाहला, आणि पंतांनी विजयी मुद्रेने पाहिले तो नारळ साबूत आणि होडी फुटलेली!

"बाबा, द बोट इज लीकिंग," कन्येने वर्दी दिधली.

जटलंडास शत्रूच्या तोफा लागल्या. येथे खोबरे पुरले. पंत हातात नारळ धरोन उभेच. दिनकरराव काठावर जावोन बसले आणि दुसऱ्यांच्या होड्या जाताना पाहू लागले. ते पाहोन बाईसाहेबांचा तोल गेला.

"तुमच्या त्या जहाजांपायी माझ्या बापाचे तीन महिने गेले! परवा ते चाललेत. कळतंय का?"

पंतांची मान खाली गेली. मग नारळ सासऱ्यांपुढे धरोन म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं. आता तुम्हीच सांगा."

दिनकररावांनी नारळ घेतला, शेंडी उपटोन बाजूस ठेविली, आणि काठावरच्या दगडावर एका ठोक्यात तो फोडिला. मग नातीस घरी पिटाळोन बॅगेतील एम-सील मागविले, जे लेकीच्या घरी काही ना काही गळतच असणार या खात्रीने मुंबईहून आणिले होते. होडी वर ओढविली, भेग पुसोन कोरडी केली, शेंडीचा काथ्या पिळोन तीत ठासिला, आणि वरून मळलेले एम-सील थापिले. त्याखाली सोनेरी अक्षरे निम्मी गडप जाहली. पंत चुळबुळले, परंतु बाईसाहेबांनी डोळे वटारताच गप्प.

दोन तासांनी स्वारी निघाली. वल्ह्यांवर पंत, अंगात बुडू न देणारे केशरी जाकीट. बाईसाहेब सुकाणूस. कन्या करवंटीने पाणी उपसोन बाहेर टाकीत, कारण थोडे झिरपतच होते. आणि नाळेशी दिनकरराव, एक तळवा ठिगळावर दाबोन. साडेपाचांस डेल्फ्टचा पूल आला. पुलावर सायकल थांबवोन एक अनोळखी डच म्हातारी उभी होती. तिने सहज हात हलविला. दिनकरराव गडबडले. छत्तीस वर्षांत काठावरून आपणांकडे हललेला हात त्यांस ठाऊक नव्हता. मग त्यांनीही हात उंच केला, आणि पूल मागे पडला तरी खाली घेतला नाही.

सबब ही फत्ते दप्तरी दिनकरराव फिटर यांचे नावे दाखल केली आहे. नारळास मानाचा विडा, पंतांस वल्ह्यांनी आलेले फोड. मंडळी ट्रामने परतली आणि होडी डेल्फ्टास बांधिली. ती मंगळवारी दुपारी घराण्याच्या रीतीस जागोन बुडाली. तोवर दिनकररावांचे विमान उडाले होते, आणि शामलाबाई सांगतात की विमानतळाच्या काचेपलीकडे जाईतो अण्णा हात हलवीतच होते. कळावे.