शून्य गळतीचं घर

साखरखेर्ड्याच्या इंद्रभानच्या नव्या घरातून हवा गळते, ही गंभीर बाब सरकारी पातळीवर उघडकीस आली, तेव्हा घरातली मंडळी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. गळती चालूच होती. वारा समोरच्या खिडकीतून आत शिरत होता आणि कोणाचीही परवानगी न घेता मागच्या खिडकीतून उजळ माथ्याने बाहेर पडत होता.

इंद्रभानची उभी हयात एसटीच्या इंजिनाला मांडी लावून गेली होती. बुलढाण्याचा घाट चढताना इंजिन तापायचं, मग इंद्रभान तापायचा, आणि शेवटी प्रवासी तापायचे. निवृत्त झाल्यावर त्याने घर बांधायला काढलं, तेव्हा गवंड्याला नकाशा दिला नाही. मोकळ्या जागेत उभं राहून दोन्ही हात पसरले आणि सांगितलं, "वारा इकून आला पाह्यजे न् तिकून गेला पाह्यजे. मधात त्याले कोनी अडवायचं नाही." त्याप्रमाणे खिडक्या समोरासमोर आल्या, छताखाली झरोके आले, चुलीवर धुराडं आलं. बायको बनाबाई म्हणाली, "इतके भोकं ठेवण्यापरीस चाळनीच बांधाची होती." पण दुपारी तीही त्याच वाऱ्याच्या वाटेत पदर पसरून झोपायची.

त्या सुमारास जिल्ह्यात 'शून्यगळती घर अभियान' सुरू झालं होतं. अभियानाचे अध्यक्ष भगवानराव हे अभ्यासदौऱ्यावर एका बर्फाळ देशात जाऊन आले होते. तिथे लोक घराच्या दारात मोठा पंखा बसवतात, आतली हवा बाहेर खेचतात, आणि कुठल्या फटीतून बाहेरची हवा आत येते ते शोधून ती फट बुजवतात. कशासाठी, तर घरातली ऊब जाऊ नये म्हणून. भगवानराव भारावून गेले. परत आल्यावर भर सभेत ते म्हणाले, "त्या लोकांकडे ऊब नाही, तरी ते ती जपतात. आपल्याला निसर्गाने भरभरून उष्णता दिली आहे, आणि आपण ती दारं-खिडक्यांतून वाया घालवतो!" सभा एप्रिलमधली होती. घामाघूम लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवताना थोडा वारा लागतो.

त्यानंतर यंत्र आलं, आणि यंत्रामागून नियम आला. हवाबंद असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय नव्या घराला विजेचं मीटर मिळणार नव्हतं.

इंद्रभानने हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्याची एकुलती लेक महामाया पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. दिवस ऐन मे महिन्यात भरत होते. पंखा नसलेल्या घरात पोरीला कसं ठेवायचं, या काळजीने त्याने अर्ज केला.

हवाबंदी निरीक्षक म्हणून जयमाला मॅडम आल्या. पूर्वी त्या पाण्याची गळती मोजत असत. गळतीचा तो दांडगा अनुभव ग्राह्य धरून त्यांना हवेकडे वळवण्यात आलं होतं. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणून बसवला आणि पडद्याच्या पोटात पंखा अडकवला. बनाबाईने त्याचं नाव 'लाल परकर' ठेवलं आणि ते गावभर झालं.

पंखा घरघरला. आतली हवा बाहेर पडू लागली तशी झरोक्यांतून, धुराड्यातून, उंबऱ्याखालून बाहेरची हवा शिट्ट्या मारत आत घुसली. चुलीतली राख उडाली, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. आतल्या हवेचा दाब मोजणारा यंत्राचा काटा मात्र जागचा हलला नाही.

"मशीन बिघडली काय, मॅडम?" इंद्रभानने विचारलं.

"मशीन व्यवस्थित आहे. घर बिघडलंय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी अहवालात लिहिलं, 'सदर घरास श्वासोच्छ्वासाची सवय आहे.'

"मंग आता?"

"झरोके बुजवा."

"मंग वारा कुठून येईन?"

"येऊ नये म्हणूनच बुजवायचे ना, काका."

इंद्रभानने स्वतः घमेल्यात सिमेंट कालवलं. झरोक्यावर थापी मारताना आतून वारा बोटांना लागत होता. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर आपण हात दाबतोय, असं त्याला वाटलं. पण डोळ्यासमोर पोरगी होती. त्याने एकेक झरोका लिंपून टाकला.

मॅडम पुन्हा आल्या. या वेळी काटा थोडा हलला, पण समाधान होईल इतका नाही. मॅडमनी उदबत्ती पेटवली आणि घरभर फिरवली. जिथे धूर वाकडा होई, तिथे गळती. धूर चुलीपाशी वाकला. धुराडं बंद झालं, म्हणून चूल अंगणात गेली. धूर न्हाणीत वाकला. मोरी बंद झाली, म्हणून अंघोळ परसात गेली. मग खिडक्यांच्या कडांना डिंकासारखा मसाला भरण्यात आला आणि त्या कायमच्या मिटल्या.

"मॅडम," बनाबाई म्हणाली, "सैपाक बाहीर, आंघोळ बाहीर. आता घरात करावं तरी काय मानसानं?"

मॅडमनी पदराने कपाळ टिपलं. बाई मनाने वाईट नव्हती. "बनाबाई, नियमात राहण्याबद्दल काही लिहिलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त घराबद्दल लिहिलंय."

अखेर काटा हवा तिथे जाऊन थांबला. घर पास झालं. मीटर आलं, पंखा लागला, आणि तो इमानदारीने तीच ती हवा फिरवू लागला. दाखल्याच्या खाली अट छापलेली होती: खिडकी उघडल्यास दाखला रद्द, दाखला रद्द झाल्यास मीटर रद्द. दार मात्र 'अत्यावश्यक ये-जा' करण्यापुरतं उघडण्याची मुभा होती.

महामाया आली. जड अंगाने आत गेली आणि त्याच पावली बाहेर आली.

"बाबा, हे घर बांधलं का कनगी भरली?"

"पंखा लावला ना बाई, तुह्याचसाठी."

"मले हवा पाह्यजे, बाबा. पंखा नाही."

इंद्रभानने अंगणात मांडव घातला, वायर बाहेर ओढली आणि पंखा मांडवाला टांगला. कुटुंब मांडवात राहू लागलं. घर दाखल्यासकट मोकळं उभं राहिलं.

आणि नेमकं हेच घर अभियानाला पसंत पडलं. गावात ज्या घरांत माणसं राहत होती, ती सगळी नापास होत होती. पहिलं शून्यगळती घर हे एवढंच होतं. भगवानरावांनी ठरवलं, लोकार्पण सोहळा घराबाहेर नको, घराच्या आतच करायचा. मान्यवर आत बसतील, दार बंद होईल, आणि जनता बाहेरून काचेतून प्रगती पाहील.

सोहळा भर दुपारी झाला. भगवानराव फेटा बांधून आत गेले, त्यांच्यामागे बाकीचे मान्यवर गेले. हवाबंदपणात उणीव राहू नये म्हणून जयमाला मॅडमनी दाराच्या फटींवर बाहेरून चिकटपट्टी मारली. लाभार्थी या नात्याने दार सांभाळण्याची जबाबदारी इंद्रभानवर आली. पाच-दहा मिनिटांत नेहमीप्रमाणे वीज गेली आणि सोहळ्यापुरता आत आणून लावलेला पंखा थांबला.

भगवानराव भाषण करत होते. आवाज बाहेर येत नव्हता, कारण घर खरोखरच उत्तम झालं होतं. ओठ हलले की लोक टाळ्या वाजवत. मग भगवानरावांनी फेटा काढला. लोकांना वाटलं, साधेपणा. मग शर्टाची बटणं सोडली. लोकांना वाटलं, आपलेपणा. मग एकेक मान्यवर खिडकीपाशी आले, काचेला तळवे लावून तोंड उघडं टाकून उभे राहिले. लोकांनीही हात हलवले. फोटोग्राफरने पुढे सरसावून फोटो घेतला.

जयमाला मॅडम धावत आल्या. "काका, दार उघडा! लवकर!"

इंद्रभान जागचा हलला नाही. "हे अत्यावश्यक ये-जात बसते काय, मॅडम? दार उघडलं का दाखला जाते. दाखला गेला का मीटर जाते. माही पोरगी भरल्या दिवसाची हाये. मले लेखी आदेश पाह्यजे."

"अहो, आदेश अध्यक्षच देऊ शकतात!"

"मंग त्याईले इचारा."

"ते आत आहेत!"

"हाव. मलेही तेच दिसून राह्यलं."

मॅडम खिडकीकडे पळाल्या आणि त्यांनी आदेश मागितला. भगवानरावांनी आतून तो पुन्हापुन्हा, घसा ताणून दिला. पण काचेबाहेर त्यातला एक शब्दही गळला नाही. इंद्रभानचा हात एव्हाना चिकटपट्टीकडे गेला होता. कितीही झालं तरी माणसं होती. तेवढ्यात भगवानरावांनी इंद्रभानला द्यायचं पितळी स्मृतिचिन्ह उचललं आणि काचेवर घातलं.

काच फुटली. भगवानरावांनी भोकातून तोंड बाहेर काढलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"अहाहा! काय हवा आहे इथे!"

"आमच्याच घरातली हाये, साहेब," बनाबाई म्हणाली. "तुमी बाहीर काढून देली होती."

चौकशी रीतसर झाली. 'घर निर्दोष असून झालेली गळती मान्यवरांच्या बाजूने झाली आहे,' असा निष्कर्ष निघाला. यापुढे प्रमाणित घरात माणसांनी शक्यतो श्वास घेणे टाळावे, अशी शिफारसही झाली. अहवालाची प्रत घेऊन जयमाला मॅडम स्वतः आल्या. निघताना मांडवाबाहेर थांबून त्या आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "काका, एक गोष्ट सांगू काय? पास झालेलं घर कोनी परत तपासत नसते."

इंद्रभान हातोडा आणायला गेला. बुजवलेला पहिला झरोका फुटला तेव्हा वारा आत आला आणि फुटक्या खिडकीतून बाहेर पडला. महामायाची मुलगी याच घरात बारशाच्या पाळण्यात निजली. पाळणा झुलवायला कोणाची गरज लागत नव्हती. दाखला आजही वैध आहे. अभियान आता इतर जिल्ह्यांत जाणार आहे.

त्या सोहळ्याचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला. खाली लिहिलं होतं, 'मान्यवरांचे जनतेला अभिवादन.' तो आपणही पाहिला असेल. काचेला दाबलेले तळवे, उघडी तोंडं, विस्फारलेले डोळे, सगळं त्यात स्पष्ट आलं होतं. आपल्यालाही ते अभिवादनच वाटलं. खेडी सुधारू लागली, असं म्हणून आपण पान उलटलं, आणि एसीची हवा बाहेर जातेय म्हणून घरात कोणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.