उजवा कान मृतांसाठी

सकाळी एका भटक्या कुत्र्याने गोठ्यात शिरून साहेबांच्या वासराचा डावा कान मुळापासून ओढला. कान कातडीच्या एका पट्टीवर लोंबत राहिला आणि जखम मानेपर्यंत उतरली. अशा प्रसंगासाठी पशुसंवर्धन खात्याची सुस्पष्ट कार्यपद्धती होती आणि ती साहेबांनीच नोकरीत असताना लिहिली होती. त्यामुळे साहेब मुळीच घाबरले नाहीत. घाबरायला अजून वेळ होता.

"अहो, बघत काय उभे राहिलात? टेम्पो बोलवा!" बायको ओरडली. तिने जखमेवर टॉवेल दाबून धरला होता आणि तो पार भिजला होता. निवृत्तीनंतरची हौस म्हणून गोठा घातला साहेबांनी, पण शेण काढायची ती. या बिनआईच्या वासराला बाटलीने दूध पाजून जगवलंही तिनेच.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ही रांग! पण डॉक्टरीणबाई साहेबांना पाहताच खुर्ची सोडून उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही! बघा, तुमचं परिपत्रक अजून भिंतीवर आहे. फ्रेम करून लावलंय."

साहेबांना बरं वाटलं. वासराचं रक्त त्यांच्या चपलेवर टपकत होतं, तरीही वाटलं. कौतुकाला माणूस कधी अवेळी म्हणत नाही.

"टाके घालावे लागतील, लगेच," टॉवेल उचलून बाई म्हणाल्या. "बिल्ला कुठाय याचा?"

"लहान आहे हो, अजून मारला नाही."

"मग कपाट उघडणार नाही, सर."

कपाट ही साहेबांच्या कारकिर्दीतली मोठी कामगिरी. पूर्वी जन्मालाच न आलेल्या जनावरांना इंजेक्शनं दिली जात आणि औषधं बाहेर विकली जात. साहेबांनी त्यावर जालीम उपाय काढला. जनावराच्या कानातला बिल्ला यंत्रासमोर धरल्याशिवाय कपाटाचं कुलूपच निघेना. औषधांची गळती थांबली. पुढे औषधंही थांबली, पण तो विषय दुसऱ्या टेबलाचा होता.

"मग मारा की बिल्ला!"

"कशात मारू, सर? बिल्ला डाव्या कानात मारायचा."

"डाव्याच का?" बायकोने विचारलं.

नियम लिहिताना साहेबांच्या टेबलासमोर गाईचं एक चित्र होतं आणि त्या गाईचा डावा कान तेवढा नीट दिसत होता. याहून अधिक शास्त्रीय कारण त्यांना आठवेना.

"त्यामागे बराच विचार आहे," ते म्हणाले.

"तो विचार जरा बाजूला ठेवा आणि उजव्यात मारायला सांगा."

डॉक्टरीणबाई चुळबुळल्या. "उजवा कान मृतांसाठी आहे, बाई."

हेही साहेबांचंच. पूर्वी एकच म्हैस विम्यासाठी चार दवाखान्यांत मरायची आणि संध्याकाळी घरी येऊन दूध द्यायची. म्हणून मेलेल्या जनावराच्या उजव्या कानात काळा बिल्ला ठोकायचा असं ठरलं. एकदा मेलेलं पुन्हा मरणार नाही, याची खात्यातर्फे हमी होती.

"खाजगी डॉक्टर असतीलच ना कुणी?" साहेबांचा आवाज आता बारीक झाला होता.

"होते, सर. तुम्हीच बंद केलेत."

वासराने मान टाकली. बायकोचा बांध फुटला. "मग दाखवा मेलेलं! नाहीतरी नियमाने मारताच आहात, आधीच दाखवा!"

डॉक्टरीणबाईंनी चमकून पाहिलं. "सर... शवविच्छेदनाचा खालचा कप्पा उघडेल. नंतर कातडी शिवायची असते ना, म्हणून त्यात सुई-दोरा आहे. आणि माझ्या हातांसाठी जंतुनाशक आहे."

उजव्या कानात काळा बिल्ला बसला. यंत्र टुणकन वाजलं आणि वासरू मेलं. पडद्यावर अक्षरं आली, 'आपल्या दुःखात खातं सहभागी आहे.' खालचा कप्पा उघडला.

"भूल द्याल ना आधी?" साहेबांनी विचारलं.

"खालच्या कप्प्यात भूल नसते, सर."

साहेबांना आठवलं. 'मृतास वेदना होत नसल्याने भुलीचा खर्च वगळण्यात येत आहे.' ही ओळ वाचून बैठकीत हशा पिकला होता आणि काटकसरीबद्दल साहेबांची पाठ थोपटली गेली होती.

रांगेतल्या चौघांनी वासराचे पाय धरले. डोकं साहेबांच्या मांडीवर होतं. पहिल्या टाक्याला ते जिवाच्या आकांताने ओरडलं. उभ्या नोकरीत त्यांनी जखमी जनावरांचे इतके अहवाल वाचले होते, पण त्यातलं एकही ओरडलं नव्हतं. "बाळा, चुकलं रे माझं," म्हणत ते सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. बायको वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रक्त थांबलं. बऱ्याच वेळाने वासराने बाटली तोंडात धरली. तेवढ्यात दारात फावडं घेतलेला खात्याचा एक माणूस येऊन उभा राहिला.

"मयत कुठाय?"

"हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हे तर दूध पितंय."

"हो."

"पिऊ द्या. मला खड्डा बुजवल्याचा फोटो वर पाठवावा लागतो. नाहीतर मालकावर रोगराई पसरवल्याचा गुन्हा."

शेवटी रक्ताने माखलेला टॉवेल पुरण्यात आला. फोटोसाठी साहेबांना खड्ड्याशेजारी उभं केलं. "जरा दुःखी दिसा," फावडेवाला म्हणाला. साहेबांना त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.

तिथून ते तडक आत आले. "हे सगळे नियम रद्द व्हायला हवेत! मी आजच वर लिहितो. माझ्या शब्दाला अजून वजन आहे तिथे."

"जरूर लिहा, सर," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "फक्त आज नको. टाके काढायला याल, तेव्हा खालचाच कप्पा उघडावा लागेल. नियम रद्द झाला तर काळा बिल्लाही रद्द, आणि नवा नियम येईपर्यंत कपाट बंद."

साहेबांनी वासराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "मग टाके निघाल्यावर लिहितो," ते म्हणाले.

टाके निघाले. वासरू आता एका कानाने ऐकतं आणि उंडारतं. साहेब रोज सकाळी लिहायला बसतात. पण आपलं काम झालं की रागाला धार राहत नाही, आणि पुढेमागे पुन्हा दवाखान्यात जावं लागलंच तर तोंड कशाला वाईट करून घ्या?

शिवाय आता कुणाची तक्रारही उरलेली नाही. टाके घातले त्या दिवशी साहेब वासराला घेऊन बाहेर पडले, तेव्हा अख्खी रांग दारातून डोकावून बघत होती. नियम असा कसा, हे एकानेही विचारलं नाही. फक्त मागून कुणीतरी अदबीने म्हणालं, "बाई, नियम राहू द्या तसाच, पण आमच्या शेळीलाही तेवढं मेलेलं दाखवा ना!"

आवाज ओळखीचा वाटला म्हणून साहेबांनी वळून पाहिलं. तुम्ही चटकन मान खाली घातलीत.