डेलमरची रायफल आणि ओपलचं चुंबक

"रस्त्यात नाल सापडली म्हणून घोडा विकत घेणारा माणूस आज पाहिला!" टेबलावरची नवी रायफल बघून क्लेटन म्हणाला आणि बहिणीच्या हातचं तिसरं बिस्किट त्यानं ग्रेव्हीत बुडवलं.

डेलमरला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या डेलमरनं एका लिलावात लष्करी काडतुसांची पेटी कवडीमोलानं उचलली होती. काडतुसं आली, तर ती उडवायला काहीतरी हवं, म्हणून मागोमाग रायफल आली.

"सैनिक हे काडतूस धडाधडा उडवतात," मेहुण्या क्लेटनची गाडी थांबेना. "तू बोल्टचा दांडा मागेपुढे करत एकेक उडवणार. आणि जोर? माझ्या मॅग्नम रायफलीपुढे ही पिचकारी!"

"हरिण काय काडतुसाची किंमत विचारून पडतं?"

"जा बाबांनो, बाहेर जाऊन ठरवा," डेलमरची बायको व्हर्ना म्हणाली. "माझा स्वयंपाक निवतोय."

ठरलं. शनिवारी शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्या. जिंकेल त्याला शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सासऱ्यांच्या टेकडीवरचं मचाण. आजवर मुलाच्या हक्कानं क्लेटनच तिथे बसत आला होता, आणि डेलमर खाली ओढ्यात पाय गारठवत उभा राहत आला होता.

शनिवारी सकाळी दोघं नेमबाजीच्या मैदानावर पोचले. मैदान सांभाळणाऱ्या सत्तरीच्या ओपलनं गळ्यातलं दोरीला बांधलेलं चुंबक काढून डेलमरच्या डब्यात सोडलं. वर आलं ते द्राक्षाच्या घडासारखी काडतुसं घेऊन.

"ही इथे नाही चालायची, बाळा. गोळीत लोखंड आहे. गेल्या उन्हाळ्यात असल्याच गोळीच्या ठिणगीनं माझं अर्धं गवत जळालं."

"अगं ओपल, लष्करी आहेत ती!"

"मग लढाईवर जा."

वीस मैलांवर दुसरं मैदान होतं. तिथल्या गृहस्थाचं चुंबक भंगाराच्या गोदामातून आणलेलं. त्याला काडतुसं तर चिकटलीच, पण आख्खा डबाही चिकटला. तो सोडवायला दोघांना पाय रोवून ओढावं लागलं. क्लेटन ओढण्यापेक्षा हसतच जास्त होता.

"चुलतभावाच्या खडीच्या खाणीत जाऊ," डेलमर म्हणाला. "तिथे कोण विचारतंय?"

खाणीच्या तळ्यात चर्चचा बाप्तिस्मा, पाण्यात बुडवून दीक्षा देण्याचा विधी, चालू होता. पाद्री कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. हातात रायफली घेतलेले दोघे दिसताच त्यांनी सुस्कारा सोडला.

"डेलमर! शेवटी बाप्तिस्मा घ्यायला आलास तर!"

नाही म्हणायची सोय नव्हती. रायफली गाडीत ठेवून दोघांनी तीन भजनं म्हटली आणि दोन-दोन ताटल्या बटाट्याचं सॅलड खाल्लं. पाण्यात उतरण्याची वेळ डेलमरनं गुडघेदुखीच्या सबबीवर निभावून नेली.

शेवटी गावातलं दुकान. लोखंड नसलेल्या शिकारी काडतुसांचा एकच डबा उरला होता, वीस काडतुसांचा. किंमत ऐकून डेलमरनं टोपी काढली.

"घे की," क्लेटन म्हणाला. "स्वस्ताई आहे ना?"

डेलमरनं घेतला. मचाणाचा प्रश्न होता.

ओपलच्या मैदानावर परतले तेव्हा ऊन कललं होतं. क्लेटनची पहिली गोळी थेट मधोमध. पण मॅग्नमचा दणका खांद्याला असा बसला, की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटायला लागले. पाचवी गोळी शेजारच्याच्या लक्ष्याला लागली.

मग डेलमर बसला. एरवी त्यानं पाच गोळ्या पाच टाळ्यांसारख्या उडवल्या असत्या. पण आता एक चुकली तर एका जेवणाएवढे पैसे मातीत जाणार होते. त्यानं श्वास रोखला, वारा पडायची वाट पाहिली, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा वाट पाहिली. ओपलनं विणकाम काढलं. पाचवा बार झाला तेव्हा तिच्या मोज्याची टाच विणून झाली होती. लक्ष्यावरची पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती.

क्लेटन खांदा चोळत डेलमरच्या रायफलीजवळ आला.

"धक्का फारसा देत नाही का रे ही?" तो हळूच म्हणाला. "एक मारू?"

"काडतूस स्वतःचं आण."

घरी व्हर्ना ओसरीवरच उभी होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरूनच तिला मचाणाचं कळलं.

"म्हणजे ही रायफल घेण्यात शहाणपण होतं म्हणायचं?"

"होतं तर!" डेलमर खुशीत म्हणाला. "फक्त तिच्यात स्वस्त काडतूस घालायचं नाही."