सत्त्याऐंशी अंशांची डाळ

कुलथे सरांनी सोमवारी रेवतीच्या वहीवर हिरव्या शाईने सही केली आणि मंगळवारी सकाळपासून तालुक्यातलं सगळं पाणी सत्त्याऐंशी अंशांना उकळू लागलं.

त्यात नवल काही नव्हतं. पाणी-प्रयोगशाळेचा नियमच होता की वहीत लिहिलेलं आणि सरांनी सही केलेलं तालुक्याने पाळायचं. पण कॉलेजातून दोन महिन्यांसाठी आलेल्या इंटर्नला हे कोण सांगणार?

गुरुवारी ती घरून निघाली तेव्हा कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या होत्या आणि डाळ दाताखाली कचकच वाजत होती. वडिलांना कावीळ. मऊ वरणभाताशिवाय काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तीन दिवस ते पेजेच्या नावाखाली पाणी पीत होते आणि आई वाण्याचा उद्धार करत होती.

प्रयोगशाळेत शिपाई अंबादासमामांनी चहा ठेवला होता. तो खळाखळा उकळत होता, पण रंग धरेना. तुमच्या वहीत सत्त्याऐंशी आहे ना, मग तो असाच होणार, असं मामा सहज म्हणाले आणि मग त्यांनी तिला नियम सांगितला. रेवतीने थर्मामीटर बुडवून पाहिला. सत्त्याऐंशी. तिचे डोळेच पांढरे झाले.

खरं सांगायचं तर तिने प्रयोग केलाच नव्हता. प्रयोगाच्या दिवशी थर्मामीटरच्या कपाटाची किल्ली सरांच्या खिशात आणि सर परीक्षेच्या ड्यूटीवर. तिने गेल्या वर्षीच्या इंटर्नची, निनाद वाघचौरेची वही समोर घेतली आणि उतरवून काढली. नक्कल ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या अठ्ठ्याण्णवचे सत्त्याऐंशी केले. कोण करत नाही? पण नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ते उगाच नाही.

ती तशीच सरांकडे गेली आणि सगळं कबूल केलं. सर रागावले नाहीत. एका वर्षी कुणीतरी आकृतीत बाण उलटा काढला होता, तेव्हा ओढा पंधरा दिवस चढावर वाहत होता, वरच्या वस्तीची चांगली सोय झाली, असं त्यांनी सांगितलं. चूक एका रेघेने खोडायची, बरोबर ते लिहायचं, वर नवी सही. मात्र एका इंटर्नला एकच दुरुस्ती.

"मग कोणती करायची?" सरांनी सहीच्या पेनाचं टोपण काढलं.

"कोणती म्हणजे? एकच तर आहे."

सरांनी पहिलं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. तिच्याच वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं, प्रयोगकर्ता: निनाद दिलीप वाघचौरे. आकडा तेवढा बदलला होता बाईसाहेबांनी, नाव मात्र जसंच्या तसं उतरवलं होतं.

आपल्याला तर सगळे अजून रेवतीच म्हणतात, असं रेवती म्हणाली. माणसांना पाण्यापेक्षा वेळ लागतो, सर समजावत म्हणाले, आज संध्याकाळी पाचला लागू होईल. दोन्ही दुरुस्त्या करून द्या म्हणून तिने हात जोडले. सरांना वाईट वाटलं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण नियम तो नियम.

साडेचारपर्यंत ती वही पुढ्यात घेऊन बसली. मामांनी तिच्याजवळ तो पांढुरका चहा आणून ठेवला.

"माझं तरी नाव अंबादास कुठं होतं?" ते म्हणाले. "होते सवय."

मग तिला सकाळचे वडील आठवले, भिंतीला टेकून वाटीतलं पाणी ढवळणारे. तिने पान उलटलं, सत्त्याऐंशीवर रेघ मारली, पुढे अठ्ठ्याण्णव लिहिलं. सरांनी सही केली. पाचला पाच कमी होते.

घराच्या कोपऱ्यावरच तिला भाताचा वास आला. वडील उठून बसले होते, ताटात वरणभात कालवत होते. तिला पाहून ते ओळखीचं हसले आणि जरा सरकून त्यांनी शेजारी जागा केली. तिला वाटलं, आपलं नाव बदलायचं चुकून राहिलं असेल.

आईने दुसरं ताट वाढलं.

"आलास का निनाद? हात धू आणि बस, निवतंय."

रेवतीला रडू आलं. ती मोरीवर जाऊन हात धुऊन आली आणि जेवायला बसली. डाळ अगदी लोण्यासारखी शिजली होती.