दोन नंबरच्या तंबूचा डावा बूट

जमिनीवर पाऊल दाखवा, मी माणूस सांगतो! वजन, वय, न्याहारीला काय खाल्लं, सगळं! लुआंग्वा नदीकाठच्या जंगलातल्या आमच्या तंबूंत राहायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझं हे वाक्य पाठ होतं. त्यात त्या दिवशी संध्याकाळी आमच्या मालकीण नामुकोलोबाई मुख्य वाटाड्याचं नाव जाहीर करणार होत्या. ते नाव जेरे, म्हणजे अस्मादिक, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

नेमका सकाळीच दोन नंबरच्या तंबूच्या पायरीवरून म्हाताऱ्या पाहुण्याचा डावा बूट नाहीसा झाला! समोर टायरच्या चपलांचे ठसे. टायरच्या चपला इथे दोघांकडेच, मी आणि आमचा आचारी चिलेशे. एकाच टायरमधून कापलेल्या! संशय कुणावर घ्यायचा हे काय सांगायला हवं?

"बाई, ठसा खोल आहे. चोर चांगला लठ्ठ आहे!" मी मोठ्याने म्हणालो.

"अरे उंदीरखाऊ, माझ्याकडे काय बघतोस?" चिलेशे पळी घेऊनच धावत आला. तो बेम्बा जमातीचा, मी न्गोनी. एकमेकांची टर उडवायचा आमचा पिढीजात हक्कच आहे.

"चोराच्या मनात चांदणं, माकडखाऊ!"

"थट्टा असेल तर हसतो. नोकरीवर आलं तर ही पळी डोक्यात घालीन!"

मी माग काढत निघालो. मागे बाई, सगळे नोकर आणि एका पायावर उड्या मारणारा म्हातारा पाहुणा.

"हे बघा, पाय फेंगडे टाकतो. टाच घासतो, म्हणजे महाआळशी! बायकोचं तर मुळीच ऐकत नसणार!"

"पण परतीचे ठसे उथळ कसे रे?" चिलेशेने विचारलं. "चोर जाताना जड आणि बूट घेऊन येताना हलका?"

"चोरी साधली, मन हलकं झालं!" मी ठणकावलं.

माग स्वयंपाकघराकडे वळायला हवा होता. मेला वळेचना! सरळ जाऊन माझ्याच झोपडीच्या दारात थांबला. दारात दोन रिकाम्या बादल्या. पाणक्या तापाने आडवा, म्हणून पहाटे अर्धवट झोपेत पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी मीच पोचवलं होतं!

माझी बायको दारात कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत होती.

"फेंगडा, आळशी, बायकोचं न ऐकणारा," ती बाईंना म्हणाली. "माग अगदी बरोबर काढलाय हो!"

तेवढ्यात मधेच मागे फिरलेला चिलेशे दोन नंबरच्या मागून अर्धा बूट घेऊन आला.

"तरस, बाई! चामडं दिसलं की सोडत नाही. त्याचं पाऊल तंबूच्या मागे होतं. पुढे बघायची घाई झालेल्यांना कुठून दिसणार?"

संध्याकाळी नाव जाहीर झालं. चिलेशे!

हल्ली स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे, उगाच संशय घेऊ नका.