छत्री, डावा गुडघा आणि इतर

बाबांचं कपाट आवरायला माधवीचं मन होत नव्हतं, म्हणून तिने त्यांचा ब्लॉग आवरायला घेतला.

नागोराव जाऊन तीन महिने झाले होते. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. पुढे २००५ साली अंबरपेठेतल्या घरी ब्रॉडबँड आलं, तेव्हा बासष्टाव्या वर्षी त्यांनी मराठीत ब्लॉग लिहायला घेतला. चार वर्षांत चारशे बारा लेख झाले. त्याबद्दल माधवीची तक्रार नव्हती. तक्रार होती ती पानाच्या उजव्या बाजूच्या कॅटेगऱ्यांच्या यादीबद्दल. त्रेसष्ट कॅटेगऱ्या. ‘छत्री’. ‘डावा गुडघा’. ‘साखर कमी’. ‘मलकपेठ, पहिला मजला’. ‘डावा गुडघा’खाली एक लेख मिरचीच्या भावावर होता, दुसरा निजामाबादच्या प्रवासावर, आणि गुडघ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

लोकांच्या वेबसाइटवरचा पसारा कमी करून देणं, हेच माधवीचं हायटेक सिटीतल्या कंपनीतलं काम. शनिवारी सकाळी ती बसली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तिने त्रेसष्टाच्या पाच केल्या. आठवणी, प्रवास, खाणंपिणं, नोकरी, इतर. जुन्या कॅटेगऱ्या काढताना ‘हे परत आणता येणार नाही’ अशी सूचना आली. तिने ‘हो’ म्हटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटलं.

चार वाजता बाबांचे ऑफिसातले मित्र दत्तोबा यांचा फोन आला.

“माधवी, माझा गुडघा कुठं गेला बेटा?”

“काका, पडलात का कुठे?”

“पडलो न्हाई गं. नेटवरचा. रोज चारला सुनेच्या कॉम्प्युटरवर बसतो, गुडघा दाबतो, वाचतो. आज गुडघाच न्हाई.”

मग त्यांनी जे सांगितलं ते माधवीने खुर्चीत बसून ऐकलं. सरकारी पत्राच्या शेवटी ‘प्रत रवाना’ असं लिहून ज्यांना प्रत जायची त्यांची यादी असते. नागोरावांनी कॅटेगरीचा अर्थ तोच लावला होता. लेख लिहून झाला की खाली कुणासाठी ते टाकायचं. नावं चारचौघांत नकोत, म्हणून प्रत्येकाला एक खूण. ज्याची त्याला ठाऊक.

“लेख सगळे आहेत काका. तुमचे ‘इतर’मध्ये असतील, बघा.”

“इतर?” दत्तोबा म्हणाले. “एकोणीस वर्षं एका टेबलावर बसलो आम्ही. अन् मी इतर?”

त्यांच्यामागोमाग मलकपेठच्या पहिल्या मजल्यावरून बाबांचे दुसरे मित्र एकनाथराव आले. “मला शुगर आहे, अन् तू मला खाण्यापिण्यात टाकलंस! काय दुश्मनी आहे का?”

माधवी स्वयंपाकघरात गेली. “आई, तुला हे माहीत होतं?”

“हौ,” केसरबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “मी ‘साखर कमी’. तीस वर्षांत तोंडाने जे बोलले न्हाईत ते तिथं लिहिलं त्यांनी. शेजारची नेहा वाचून दाखवायची.”

“मग सांगायचं ना मला!”

“तू विचारलंस कुठं?”

कुणाचं काय होतं हे आता फक्त बाबांना माहीत होतं. माधवीने बाबांच्या ओळखीतल्या सगळ्यांना निरोप धाडले: ‘आपले लेख कोणते ते कृपया कळवावे.’ आठवड्याभरात उत्तरं आली. लेख चारशे बारा, दावे सहाशेच्या वर. प्रामाणिक माणसावरच्या लेखाला सात धनी निघाले. “ऑफिसात प्रामाणिक दुसरा होता कोण?” दत्तोबा म्हणाले. एकनाथरावांनी तर सरळ कळवलं, “जिथं शंका असेल तिथं मला धर.” माधवी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तासभर बसे आणि जो जे मागेल ते त्याला देऊन टाकी. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं.

शेवटी एक्केचाळीस लेख उरले. त्यांना कुणीच धनी नव्हता, कारण त्या सगळ्यांत कुणाला तरी झापलं होतं. नेलेली छत्री परत न करणारा. कॅरममध्ये सोंगटी सरकवणारा. मित्राच्या आजारपणात फिरकतही नाही असा.

रविवारी दारात बाबांचे जुने मित्र, चिक्कडपल्लीचे हिम्मतराव उभे होते. चार वर्षांपूर्वी त्यांचं आणि नागोरावांचं बोलणं बंद झालं होतं. अंत्ययात्रेला ते आले होते, पण गेटबाहेरच उभे राहून परतले होते.

“माझं काही उरलं असेल तर दे म्हटलं,” ते चप्पल न काढताच म्हणाले.

“काका, आता फक्त शिव्या उरल्यात.”

“हौ. त्याच.”

ते आत आले, चष्मा लावला आणि एकेक वाचू लागले. मधेच हसत, मधेच मान हलवत. “सोंगटी मी सरकवली नव्हती,” ते म्हणाले. “पण लिहिलंय जबरदस्त. चार वर्षं बोलला न्हाई माझ्याशी. शिवी मात्र महिन्याच्या महिन्याला, टायमावर.”

शेवटच्या लेखापाशी ते थांबले. “हा माझा न्हाई.”

माधवीने वाचलं. ‘सुई जिथं पडते तिथं सापडते. कुणीतरी ती उचलून नीट डबीत ठेवतं, आणि मग सारं घर फाटकं घालून फिरतं.’

“ह्याच्यावर ‘आवराआवर’ असायचं,” हिम्मतराव म्हणाले. “मी सगळ्यांचंच वाचायचो. हा माणूस कोण, ते काही कळलं न्हाई.”

“कळलं न्हाई?” केसरबाई आतून म्हणाल्या. “तुमच्या पुढ्यात तर बसलीय.”

माधवीने तो लेख पुन्हा एकदा वाचला. मग ‘आवराआवर’ अशी नवी कॅटेगरी केली. तिच्यापुढे एकचा आकडा उमटला.

“एकच कसा? चांगले पण होते की,” हिम्मतराव म्हणाले. “रागावलं तरी औषधाची वेळ न चुकवणाऱ्या माणसावरचा कुठाय?”

तो एकनाथरावांकडे होता. माधवीनेच दिला होता, न वाचता. तिने फोन लावला.

“काका, तो औषधाचा लेख... तो बहुतेक माझा आहे.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“मला वाटलंच होतं,” एकनाथराव म्हणाले. “मी औषध एकदाच आणून दिलं, अन् ते पण चुकीचं. घे बेटा, तुझाच आहे. फक्त चार दिवस राहू दे माझ्याकडे. गुरुवारी परत करतो.”